एका गल्लीतली एकच खुर्ची

गिरिजा,

तुला बसवायला जी खुर्ची आणली ती आमच्या घरातली होती, हे कळलं असतं तर तू आधी हसली असतीस आणि मग हसता हसता मला एक टोमणा मारला असतास. तुझ्या शिवानंदरावांचा फोन पहाटे आला. रडत नव्हते. घाईत असलेल्या माणसासारखे बोलत होते. "सर, गिरिजा गेली," एवढं म्हणाले आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत, "हातांची, ताठ पाठीची एक खुर्ची मिळंल का कुटं? आमच्याकडं सगळे सोफेच हायेत."

तुम्हा लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. हे मला ठाऊक होतं, पण त्यासाठी ताठ पाठीची खुर्ची लागते आणि ती पहाटे शोधायला लागते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. "आणतो," म्हणालो. विचार न करता म्हणालो. कारण अशी खुर्ची आख्ख्या सोलापुरात कुठे असेल ते मला माहीत होतं. आमच्याच पुढच्या खोलीत होती.

नायना, म्हणजे माझे वडील, गिरणीत आयुष्यभर मागापाशी उभे राहिले. गिरणी बंद पडल्यावर तिथल्या ऑफिसातलं सामान विकायला काढलं, तेव्हा त्यांनी तिथून एक सागवानी खुर्ची घेतली, साहेबलोकांची. घरी आणून पुसून ठेवली आणि स्वतः कधी बसले नाहीत. पाहुण्यांसाठी आहे म्हणायचे. पाहुणे मी कधी आणले नाहीत. ती खुर्ची रिक्षात आडवी घालून मी तुझ्याकडे निघालो, तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "क्या सर, शादी है क्या घर में?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तुला भिंतीशी बसवलं होतं. कपाळभर विभूती, अंगावर मोरपंखी इरकली साडी, मान जराशी डावीकडे कललेली. पेपर तपासताना कलायची, तशीच. बायका भजन म्हणत होत्या, कन्नडमधून, मला अर्धंच कळत होतं. मी हात जोडून उभा होतो आणि मनात एकच गोष्ट घुमत होती: इतकी वर्षं मी हिला घरी बोलावलं नाही, आणि शेवटी आमची खुर्चीच हिच्या घरी आली. मला रडू यायला हवं होतं. मला लाज वाटली, गिरिजा. रडू नंतर आलं, घरी, नळ सोडून.

आपण दोघं एकाच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, एकाच स्टाफरूममध्ये, एकाच खिडकीखाली. तू मैंदर्गीच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मी पूर्व भागातल्या विणकराचा मुलगा. तुझी कन्नड, माझी तेलुगू आणि भांडण मराठीत. तक्ते तपासताना तू पुटपुटत मोजायचीस, ओंदु, एरडु, मूरु. मी शेजारी तेलुगूत मोजायचो आणि दोघांचा आकडा जुळला की तू टेबलावर हात मारायचीस. नाही जुळला तर चूक माझीच असणार असं धरून चालायचीस. वर्गात, विद्यार्थ्यांसमोर, "सर". बाहेर "सीनू". हे नाव तू कुठून उचललंस ते मी कधी विचारलं नाही. घरात मला फक्त अम्मा सीनू म्हणते. हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

भांडणाचा विषय एकच. गरीब कोणाला म्हणायचं? मी पोटाचा माणूस. माणसाला रोज किती अन्न लागतं ते बघा, ते मिळवायला किती लागतं ते बघा, तिथे रेघ मारा. रेघेखालचा गरीब, वरचा नाही. तुझ्या नाकावर राग कायमचा बसलेला असायचा, आणि रेघ म्हटलं की तो जिभेवर उतरायचा. "माणूस पोटाच्या वरही असतो की रे," म्हणायचीस. "बार्शीच्या एसटीत बसलेली बाई पोटभर जेवली असंल. पण ती लग्नाला निघालीय का लग्न चुकवून निघालीय, हे तुझी रेघ सांगती का? धड लुगडं न्हाय म्हणून बहिणीच्या पोरीच्या लग्नाला न्हाय गेली, तर ती कशात धरायची तू?"

"ते मोजता येत नाही," मी म्हणायचो.

"मोजता येत न्हाय, का मोजायचं न्हाय तुला?"

हे तू गमतीत विचारायचीस असं मी समजत होतो. वर्षानुवर्षं समजत होतो. तू बोलता बोलता माझ्यापुढे डबा सरकवायचीस, कडक भाकरी, शेंगाचटणी, कधी मैंदर्गीहून आलेलं लोणचं, आणि मी ते खात खात तुझा मुद्दा खोडायचो. माझा डबा मी कधी आणला नाही. कँटीनचं बरं पडतं म्हणायचो. खरं कारण असं की आमच्या घरातल्या प्रत्येक कापडाला तंबाखूचा वास येतो, डब्याच्या फडक्यालाही येतो. अम्मा बिड्या वळते. मी नोकरीला लागलो, वर मजला चढवला, फरशी बसवली, फ्रिज आणला, तरी ती वळतेच. हात रिकामे राहिले तर दुखतात म्हणते. शाळेत मी बाकावर बसलो की शेजारचा पोरगा नाक धरून "बिडी आली" म्हणायचा. त्यानंतर मी शिकलो, पीएच.डी. झालो, गरिबीवर निबंध लिहिले, आणि डबा न्यायचं टाळलं.

मग ती पाहणी. एका संस्थेला बिडी वळणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर काढायचं होतं आणि कुठल्या वस्तीत काढावं हे ठरवायला त्यांनी आपल्याला बोलावलं. पैसे एकाच पाळणाघराचे होते. जी गल्ली सगळ्यांत गरीब निघेल तिथे. घरात काय काय आहे ते विचारायचं: पंखा, खाट, कपाट, खुर्ची, असं बरंच. सोपं काम. विद्यार्थी पोरं-पोरी बरोबर होतीच, पण तुला स्वतः दारोदार जायची हौस, आणि मला तुझ्या चुका काढायची.

पहिल्या घरात नरसम्मानं तुला निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. नरसम्मा म्हणजे त्या गल्लीतली सगळ्यांत बोलकी बाई, मांडीवर सूप, बोलता बोलता बिडी वळून होते अशी. खुर्चीचा एक हात तडकलेला होता आणि बिडी बांधायच्या दोऱ्यानं गुंडाळून घट्ट केलेला होता. दुसऱ्या घरात खुर्ची निळीच. तिसऱ्या घरात तू बसलीस आणि तुझं बोट सहज त्या दोऱ्यावर गेलं. तू माझ्याकडे बघितलंस. डोळ्यांत हसू. बाहेर आल्यावर कानाशी येऊन म्हणालीस, "सीनू, ही खुर्ची आपल्या आधी पोचतीय."

मला ते पहिल्याच घरात कळलं होतं. पुढच्या दारातून आपण बाहेर पडलो की मागच्या दारानं पाय वाजायचे, कुजबुज व्हायची, काहीतरी भिंतीला घासायचं. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. आणि प्रत्येक घरापुढे आपली पोरं खूण करत होती, खुर्ची: आहे.

मी त्या दिवशी तुझ्यावर डाफरलो. "हसायला काय झालं?" तू चमकलीस. "अरे, हसत न्हाय मी. बघ तरी, काय सुंदर हाय ते." मी पुढे चालायला लागलो.

हिशेब मांडला तेव्हा ती गल्ली थोडक्यात रेघेच्या वर गेली. खुर्चीमुळेच. खुर्ची काढली की खाली येत होती. तुला वाटलं, खरं काय ते लिहिलं की झालं. पुण्याच्या परिसंवादात तू उभी राहिलीस आणि दोन मिनिटांत ती गोष्ट सांगितलीस, दोऱ्यासकट. हॉल हसला. वाईट माणसं नव्हती ती; कौतुकानंच हसली. पण पुढच्या रांगेतले एक गृहस्थ इतके हसले की रुमाल काढावा लागला, आणि तुझा चेहरा पडला. मी उठून बाहेर गेलो.

येताना एसटीत आपण मागे बसलो होतो. मी म्हणालो, "त्यांनी अंगावर ओढून घेतलेलं पांघरूण तू भर सभेत ओढलंस."

"मी हसवायला न्हवतं सांगितलं रे."

"हसणारे हसणारच."

"मग काय करू? खुर्ची धरू? खुर्ची धरली तर ती गल्ली गरीब न्हाय. गरीब न्हाय तर पाळणाघर न्हाय. ती पोरं तंबाखूच्या सुपाशेजारीच झोपणार. तुला चालतंय?"

"धर," मी म्हणालो. "त्यांनी दाखवली ना? मग धर. गरिबी लपवायचा हक्क तरी माणसाला ठेव."

टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी तत्त्वाच्या मोठ्या गोष्टी केल्या होत्या आणि स्वतःवर खूश होतो. त्या पोरांचा विचार मी केला नव्हता हे आज दिसतं. मी फक्त एका खुर्चीचा विचार करत होतो, आणि ती निळी नव्हती.

चौथीत मला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गुरुजी घरी आले होते. घर म्हणजे दीड खोली, अर्धीत आजोबांचा माग. अम्मानं शेजारून लोखंडी घडीची खुर्ची आणली. गुरुजी बसले, चहा घेत होते, नायना हात जोडून उभे. आणि भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "झालं आसंल तर खुर्ची द्या की ओ, आमच्यात माणसं आल्यात!" गुरुजींनी ऐकलं. कप तसाच ठेवून उठले. ते चांगले होते, उठता उठता माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण मी जमिनीत गेलो तो अजून पुरता वर आलो नाही. हे मी तुला सांगितलं नाही. बायकोला सांगायला बायको केली नाही. तुला वाटलं माझा राग तत्त्वाचा आहे, आणि मीही तुला तसंच वाटू दिलं.

छापील अहवाल आला तेव्हा त्यात ती गोष्ट नव्हती. आणि खुर्चीही नव्हती. सगळ्याच वस्त्यांच्या हिशेबातून तू ती गाळली होतीस, एका ओळीत: बसण्याच्या वस्तू विचारात घेतलेल्या नाहीत. गल्ली आपोआप रेघेखाली आली. पाळणाघर तिथेच झालं. मी तुला चिडवलं, "हवा तसा निकाल लावलास." तू वर न बघता म्हणालीस, "व्हय, लावला." मी समजलो की माझं म्हणणं तुला पटलं. इतकंच नाही, तेव्हापासून दरवर्षी मी वर्गात हा किस्सा सांगतो, नावं न घेता. पाहणी करणाऱ्यानं लोकांची अब्रू कशी राखावी, आणि माझ्या एका सहकारी बाईंना हे मी कसं पटवून दिलं. पोरं वहीत उतरवून घेतात. याच वर्षी सांगितला, तू शेजारच्याच वर्गात होतीस.

तुला आमच्या घरी यायचं होतं. हे तू आडून कधी बोलली नाहीस, सरळच बोललीस. "सीनू, तुझ्या अम्माच्या हातची आंबट डाळ खायचीय." मी म्हणायचो, नक्की, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर घराचं रंगकाम निघायचं. मग अम्माचे गुडघे. मग हैदराबादचे पाहुणे. मग आमच्या गल्लीत खोदकाम. माझ्या सांगण्यात आमची गल्ली इतक्या वेळा खोदली गेली की एव्हाना तिथे विहीर व्हायला हवी होती. वेळ मारून नेण्यात मी तरबेज. तू "बरं" म्हणायचीस आणि डबा पुढे सरकवायचीस.

आणि घर तर आता चांगलं आहे. तुझ्या कुठल्याही हिशेबात, माझ्याही, आम्ही गरीब नाही. पंखा आहे, कपाट आहे, खुर्ची आहे, सागवानी. एकही खूण रिकामी राहणार नाही. पण दारात कोणी उभं राहिलं की मी अजून आधी नाकाकडे बघतो, यांना वास आला का. गरिबी गेल्यावर लाज किती दिवस घरात राहते, याचं कोष्टक कुठल्याच पुस्तकात नाही. तुला ते मांडायचं होतं, आणि मी तुला आडवा येत होतो.

यंदाच्या नव्या पाहणीसाठी तू प्रश्न तयार केलेस. त्यात दोन असे होते की मला राग आला. एक, पाहुणा आला आणि घरात काही कमी पडलं, तर कोणाकडून हक्कानं मागून आणता येतं का? दुसरा, गेल्या वर्षभरात कोणाला घरी बोलवायचं टाळलंत का? स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं. तू म्हणालीस, आधी तुझ्यावरच करून बघते. पेन काढलंस. पहिल्याला मी म्हणालो, आम्हाला काही मागावं लागत नाही. दुसरा प्रश्न तू वाचलास आणि माझ्याकडे बघत राहिलीस.

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणालीस आणि लिहून घेतलंस. मग मसुदा माझ्याकडे तपासायला दिलास आणि मी त्या दोन्ही प्रश्नांपुढे लाल शाईनं लिहिलं, अनावश्यक. तू ते वाचलंस. तू भांडली नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तुला माती देऊन आलो. मधले दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. तुझ्या टेबलावर कोणीतरी फूल ठेवतंय रोज. तुझा डबा कपाटावर आहे, घासलेला, न्यायचा राहिलेला. मी कँटीनमध्ये जातो आणि चहा घेऊन परत येतो.

काल संध्याकाळी शिवानंदरावांचा फोन आला. "सर, खुर्ची पुसून ठेवलीय. कुटं आणून देऊ?"

आणि मी काय म्हणालो असेन? "छे छे, तुम्ही कशाला त्रास घेता, मीच येतो न्यायला."

तू गेलीस तरी, गिरिजा. तू गेलीस तरी माझ्या तोंडून तेच निघालं.

अम्मा शेजारीच सूप घेऊन बसली होती. पान कापायचं थांबवून तिनं विचारलं, कोण होतं? मी सांगितलं. ती तेलुगूत बोलली, मी तुझ्यासाठी मराठीत लिहितोय. म्हणाली, "त्या पोरीच्या नवऱ्याला घरी ये म्हणायला तुझं तोंड झिजतं का? ती तर बिचारी तू बोलवायची वाट बघत राहिली."

मी म्हणालो, तुला काय माहीत?

"मला काय माहीत म्हणजे? तू आंघोळीला गेलास की फोन मीच उचलायची. तिची मराठी तसली, माझी असली. तू बाहेर येईस्तोवर बोलायचो. सीनू काय खातो, लहानपणी कसा होता, सगळं विचारायची."

कधीपासून, मी विचारलं. अम्माला वर्षं सांगता येत नाहीत. "तू पुण्याहून रागावून आलास ना, जेवला नाहीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी रडत होती फोनवर. म्हणाली, अम्मा, सीनू माझ्यावर का चिडलाय? मी म्हटलं, खुर्चीवरून काहीतरी झालं म्हणून पुटपुटत होता. मग मी तिला सांगितलं, तुझे गुरुजी आले होते, शेजारून खुर्ची आणली होती, ते. ऐकून म्हणाली, आता कळलं."

"तू ते सांगितलंस तिला?" मी ओरडलोच.

अम्माला खरंच कळेना. "त्यात काय लपवायचं होतं? मास्तर घरी आले, त्यांना उभं ठेवायचं का? मागितली, शेजारणीनं दिली. तिच्या पोरीला बघायला आले तेव्हा आपली समई गेली होती. मागायला शेजार होता म्हणून निभलं. नसता तर मग रडायचं."

मी चौथीपासून ज्या गोष्टीसाठी मान खाली घालतोय, ती गोष्ट अम्मा अशी सांगत होती, शेजार चांगला होता म्हणून. आणि तुला ते एका फोनमध्ये कळलं होतं. तो पहिला प्रश्न, हक्कानं मागून आणता येतं का, तो तू तिच्याकडून उचलला होतास. ज्याला मागायला कोणी नाही तो गरीब, मग त्याच्या घरात काहीही असो. मी त्यावर लाल शाई मारली. दुसरा प्रश्न माझ्याचसाठी होता. आणि अहवालातून तू ती गोष्ट काढलीस ती माझ्या भाषणामुळे नाही. माझी खुर्ची तू गुपचूप मागच्या दारानं काढून नेलीस, आणि दर वर्षी शेजारच्या वर्गातून ऐकत राहिलीस की मी तुला कसं पटवून दिलं. एकदाही मला तोंडावर पाडलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्याच दिवशी पाडलं असतं. याची मला इतकी लाज वाटते की वास, दीड खोली, बिडी, सगळं त्यापुढे काहीच नाही.

"मी तिला कितीदा म्हटलं," अम्मा म्हणाली, "ये की घरी. तर म्हणायची," आणि इथे अम्मानं तुझी मराठी जशीच्या तशी काढली, "सीनू बोलवंल तवा येते की अम्मा. त्यानं बोलवायला पायजे."

मी शिवानंदरावांना परत फोन लावला. म्हणालो, खुर्ची घरीच घेऊन या. उद्या या, चहाला नको, जेवायलाच या, अम्मा आंबट डाळ करणार आहे. मग पत्ता सांगायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी आमच्या घराचा रस्ता सांगत होतो आणि चुकत होतो. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे, मग पिठाच्या गिरणीवरून आत, तंबाखूचा वास यायला लागला की समजा जवळ आलात.

"म्हाईत हाय सर," ते म्हणाले. "गिरणीपतोर आलोय मी. गेल्या दिवाळीत गिरिजा घेऊन आलती. फराळाचा डबा होता हातात. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करायला लावली, आत बघत बसली थोडा वेळ. मी म्हनलो, जा की, देऊन ये. तर न्हाय म्हनली. बोलवलं न्हाय म्हनली. मग तसंच घरी गेलो."

मी फोन ठेवला. अम्मानं विचारलं, येतायत का? मी मान हलवली. ती म्हणाली, पाहुण्याला त्यानंच उचलून आणलेल्या खुर्चीवर बसवायचं का? शेजारून एखादी आणते. मी म्हणालो, आण.

गिरिजा, त्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं नोंदलं गेलंय. कोणालाच नाही, असं तू लिहून घेतलंस. ते खोडून तिथे तुझं नाव लिही.